मोटार उभ्या-उभ्या का थरथरते?

रेल्वे फाटक बंद झाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाहनांची रांग लागते. अशा वेळी रांगेतल्या मोटारींकडे जरा लक्ष देऊन पाहा. एखाद्या मोटारीचे इंजिन चालू आहे की बंद, हे बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय कळत नाही. तिच्या शेजारची दुसरी मात्र हिवताप भरल्यासारखी थरथरत असते. आरसे हलतात, काचा खडखडतात, आवाज मध्येच बसतो, मध्येच चढतो. चालक अधूनमधून 'रेस' देऊन तिला जिवंत ठेवत असतो. फाटक उघडते, मोटार पळू लागते आणि तिचा आजार कुठल्या कुठे नाहीसा होतो!

विद्यार्थीमित्रांनो, हे उलटेच नाही का? पाच माणसे घेऊन चढ चढताना जे इंजिन कुरकुरत नाही, ते काही काम नसताना का कुरकुरावे? मेस्त्री म्हणतात, "स्लो बसत नाही." निदान बरोबर आहे, पण ते का बसत नाही, याचे उत्तर बऱ्याच वेळा पेट्रोलात किंवा ठिणगीत नसून हवेत असते.

पेट्रोल जळण्यासाठी हवा लागते हे तुम्हाला ठाऊक आहे. किती लागते? एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलाचे वजन साधारण ७४० ग्रॅम धरले, तर त्यासाठी जवळजवळ ११ किलोग्रॅम हवा हवी. नंदुरबारला ३० अंश तापमानाच्या दिवशी एक लिटर हवेचे वजन १.१४ ग्रॅमच्या आसपास भरते. भागाकार करून पाहा: साडेनऊ हजार लिटर! दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच अशा खोलीत मावेल एवढी हवा आपली मोटार प्रत्येक लिटर पेट्रोलामागे गिळते. पेट्रोलचा भाव आपण रोज विचारतो. हवा फुकट, म्हणून तिच्या वाटेकडे कोणी पाहत नाही.

आता मोटार उभी असताना काय होते ते पाहू. समजा, इंजिन चार सिलिंडरांचे व १००० घन सेंटिमीटरचे आहे आणि न्यूट्रलमध्ये मिनिटाला ८०० फेरे घेत आहे. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो. कारण शोषण, संपीडन, शक्ती आणि उत्सर्जन या चार क्रियांना दट्ट्याचे दोन हेलपाटे म्हणजे दोन फेरे लागतात. म्हणजे मिनिटाला ४०० वेळा एकेक लिटर जागा भरली जाते. पण ही जागा बाहेरच्या दाबाच्या हवेने भरत नाही. हवेच्या वाटेवर एक गोल चकती बसवलेली असते. तिला थ्रॉटल म्हणतात. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा ही चकती फिरते आणि वाट मोकळी होते. पाय काढला की ती जवळजवळ पूर्ण मिटते. दट्टे तर हवा ओढतच असतात. त्यामुळे चकतीच्या पलीकडच्या नळीत दाब घसरून बाहेरच्या दाबाच्या साधारण एक-तृतीयांश होतो. तेव्हा ४०० लिटर विरळ हवा म्हणजे बाहेरची सुमारे १३३ लिटर. सेकंदाला सव्वादोन लिटरही नाही. (याच हिशेबाने उभ्या मोटारीला तासाला पाऊण लिटरहून थोडे अधिक पेट्रोल लागते. फाटकापाशी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवणाऱ्याने कपभर पेट्रोल ओतून दिले म्हणायचे.)

कागदाएवढी फट

ही सेकंदाला दोन-सव्वादोन लिटर हवा मिटलेल्या चकतीच्या कडेने कशी जाते, ही या विषयातली खरी मौज आहे. फटीच्या एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूच्या दाबाच्या निम्म्याहून खाली गेला की हवा फटीतून ध्वनीच्या वेगाने धावू लागते. फटीत ती पसरून थंड झालेली असल्यामुळे हा वेग सेकंदाला सुमारे ३१८ मीटर येतो. उभ्या मोटारीच्या बॉनेटखालून बारीक 'स्स्स' असा आवाज येतो, त्यातला काही भाग या हवेचा. पलीकडचा दाब आणखी कमी केला तरी हवा यापेक्षा वेगाने जात नाही. प्रवाह जणू तुंबतो. मग किती हवा जाणार हे दोनच गोष्टींवर ठरते: फट किती मोठी आहे आणि बाहेरच्या हवेचा दाब किती आहे.

फट किती मोठी असावी? फटीत हवा विरळ होते आणि तिची धार थोडी आकसतेही. हे दोन्ही हिशेबात घेतले, तर एकूण सुमारे १२ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ पुरते. आता चकतीचा व्यास ४० मिलिमीटर धरा. तिचा परीघ झाला १२६ मिलिमीटर. फट सगळीकडे सारखी मानली तर तिची रुंदी १२ भागिले १२६, म्हणजे ०.१ मिलिमीटरपेक्षाही किंचित कमी!

०.१ मिलिमीटर म्हणजे किती, हे डोळ्यांना दिसावे म्हणून तुमची दोनशे पानी वही घ्या. पुठ्ठे सोडून कागद घट्ट दाबून धरा, जाडी मोजा आणि शंभराने भागा, कारण दोनशे पाने म्हणजे शंभरच कागद. एका कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या थोडी अलीकडे येईल. म्हणजे उभी मोटार जिवंत राहते ती वहीच्या एका कागदाएवढ्या फटीतून श्वास घेऊन. या फटीच्या कडेवर एक शतांश मिलिमीटर जाडीचा काजळीचा थर बसला, तर हवेचा दहावा हिस्सा गेला. तेवढाच थर समोरच्या भिंतीवरही बसला, तर पाचवा हिस्सा गेला. मोटार वेगाने पळत असताना चकती सताड उघडी असते आणि वाट शेकडो चौरस मिलिमीटर मोकळी असते. तिथे या थराची कोण पर्वा करतो? पळताना बरी आणि उभी असताना आजारी, या कोड्याचे उत्तर हे असे आहे.

प्रत्यक्षात फट सगळीकडे सारखी नसते. अनेक मोटारींत उभ्या अवस्थेतली काही हवा चकतीला वळसा घालून एका लहान वाटेने जाते आणि त्या वाटेवर विजेवर चालणारी छोटी झडप असते. ती वाटही अरुंदच, म्हणून तिलाही हाच न्याय लागू पडतो.

हवा कमी पडली की फेरे कमी होतात. फेरे कमी झाले की थरथर वाढते, याचेही कारण सोपे आहे. इंजिनाला शक्ती सलग मिळत नाही. ती एकेका सिलिंडरातल्या ज्वलनाच्या धक्क्यांनी मिळते. दोन धक्क्यांच्या मधला काळ जड गतिपालचक्र आपल्या गतिज ऊर्जेवर निभावून नेते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ८०० फेऱ्यांचे ६०० झाले, तर वेग पाऊणपट होतो, पण ऊर्जा ५६ टक्केच उरते आणि दोन धक्क्यांमधले अंतरही लांबते. हळू चालवलेली सायकल कशी डगमगते, ते आठवा.

ही काजळी येते कुठून? सगळा दोष धुळीचा नव्हे. दट्ट्याच्या कड्यांमधून थोडे जळके वायू खाली तेलाच्या भागात उतरतात. ते बाहेर सोडले तर हवा दूषित होते, म्हणून एका नळीने ते तेलाच्या वाफांसकट पुन्हा हवेच्या वाटेत आणून जाळतात. या तेलकट वाफा चकतीच्या कडेवर चिकटतात आणि त्यावर गाळणीतून निसटलेली बारीक धूळ बसते. तेल आणि धूळ मिळून काळा, चिवट लेप तयार होतो. स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या जागेवरची भिंत पाहिली असेल, तर हा लेप कसा दिसतो ते सांगायला नको.

धुळीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या पडतात तेव्हा तिथे काम करणारी माणसे नाकातोंडाला फडके बांधतात. मोटारीची एअर फिल्टर म्हणजे तेच फडके. मोटार १०,००० किलोमीटर चालली आणि लिटरला २० किलोमीटर देत असली, तर तेवढ्यात तिने ५०० लिटर पेट्रोल जाळले, म्हणजे ४७ लाख लिटरहून अधिक हवा ओढली. मातीच्या रस्त्यावर एक घनमीटर हवेत एकच मिलिग्रॅम धूळ मानली, तरी चमचाभर धूळ होते. चमचाभर म्हणजे फार नाही असे वाटेल. पण ती वाळूच्या जातीची कठीण धूळ असते आणि सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतीवर ती पॉलिशपेपरचे काम करते. म्हणून 'फिल्टर काढून टाकली की पिकअप वाढतो' असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये.

येथे एक खुलासा करावयास हवा. धडगाव-अक्कलकुव्याकडे प्रवासी नेणाऱ्या जीपगाड्या बहुधा डिझेलच्या असतात. जुन्या डिझेल इंजिनात अशी चकती नसतेच. हवा पूर्ण येते आणि माप फक्त डिझेलचे कमी-जास्त होते. त्यामुळे त्यांच्या थरथरीची कारणे निराळी. हा लेख पेट्रोलच्या मोटारींपुरता आहे.

तोरणमाळची परीक्षा

आमच्या एका सहकाऱ्याची जुनी मोटार गावात थोडी थरथरे, पण बंद पडत नसे. डिसेंबरात कुटुंबासह ते तोरणमाळला गेले आणि तिथे प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद पडू लागले. खाली आल्यावर एका गॅरेजने प्लग, कॉइल, पेट्रोलचा पंप अशी लांबलचक यादी हातात दिली. वर बंद पडणारे इंजिन खाली येताच पुन्हा पहिल्यासारखे चालू लागले होते, याचा मात्र कोणी विचार केला नाही. खरे तर सगळे उत्तर त्यातच होते.

नंदुरबार समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच आहे आणि तोरणमाळ सुमारे साडेअकराशे मीटर. एवढे चढल्यावर हवेचा दाब सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो. (प्लॅस्टिकची रिकामी बाटली तोरणमाळला घट्ट बूच लावून बंद करा आणि शहाद्याला उतरल्यावर पाहा. ती चेपलेली दिसेल.) मघाशी आपण पाहिले की तुंबलेल्या प्रवाहात हवा बाहेरच्या दाबाच्या प्रमाणात जाते. म्हणजे तोरणमाळला त्याच फटीतून ११ टक्के कमी हवा मिळणार. निरोगी मोटारीला याचे काही वाटत नाही. फेरे उतरताच तिचा संगणक वळशाची झडप थोडी अधिक उघडतो आणि तूट भरून काढतो. पण काजळीने फट आधीच अरुंद झाली असेल, तर ही झडप गावातच शेवटपर्यंत उघडलेली असते. हाताशी काही शिल्लकच नसते. वर गेल्यावर दाब उतरतो आणि इंजिन बंद पडते. प्लग किंवा कॉइलचा दोष असता, तर तो जोर लावून चढ चढताना अधिक जाणवला असता. त्या मोटारीची चकती धुतली, पंपाला हातही लावावा लागला नाही.

अशी पारख करावयास हत्यारे लागत नाहीत. इंजिन गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर अगदी थोडा दाबून धरावा. तेवढ्याने थरथर थांबली, तर संशय फटीवर घ्यावा. फेरे वाढवले तरी एका ठराविक तालात ठोका चुकतच राहिला, तर एखादा सिलिंडर जळत नाही असे समजावे आणि प्लगकडे वळावे.

उलट प्रकारचा दोषही असतो. चकतीच्या पलीकडे विरळ हवेची नळी आहे आणि तिला रबरी होस जोडलेले असतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली रबर कडक होऊन तडकते. समजा, त्या तड्याचे क्षेत्रफळ दोन मिलिमीटर व्यासाच्या छिद्राएवढे आहे. ते झाले ३.१४ चौरस मिलिमीटर, म्हणजे आपल्या १२ चौरस मिलिमीटरांच्या पाव हिश्शाहून जास्त! ही हवा चोरवाटेने, मोजली न जाता आत येते. मिश्रणात पेट्रोल कमी पडते किंवा फेरे वर-खाली झोके घेऊ लागतात. होसला कान लावत जावे, 'फुस्स' आवाजाचा माग काढावा. साबणाचे पाणी लावताच आवाज बदलला की चोर सापडला. काही जण तड्यावर पेट्रोल शिंपडून पाहतात. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. ते कधीही करू नये आणि करणाऱ्याच्या जवळ उभेही राहू नये.

आता सफाईविषयी. हे काम तुम्ही एकट्याने करावयाचे नाही. घरातले मोठे माणूस किंवा ओळखीचे मेस्त्री यांच्या बरोबरीने करावे. जागा मोकळी, वाऱ्याची असावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वासही नसतो. इंजिन गार होऊ द्यावे आणि किल्ली खिशात ठेवावी. पंखा विजेवर चालतो, तो आपोआप सुरू होऊ शकतो. फिल्टरची पेटी उघडून कागदी फिल्टर उजेडासमोर धरावी. उजेड दिसत नसेल, तर नवी घालावी. थोडीच मळलेली असेल, तर हलके झटकून आतून बाहेर हवा मारावी. पाण्याने धुऊ नये, कागद भिजला की त्याची छिद्रे बिघडतात. मग हवेची जाड नळी सोडवली की चकती समोर दिसते. थ्रॉटल धुण्याचा फवारा बाजारात मिळतो. तो थेट आत न मारता धागे न सुटणाऱ्या फडक्यावर घ्यावा आणि कडा व भिंत पुसून काढावी. फडके काळेकुट्ट होईल. खरवडण्यासाठी पाते किंवा सँडपेपर मात्र वापरू नये. जी फट कागदाएवढी आहे, तिच्यात एक ओरखडाही मोठाच. नव्या मोटारींत चकती तारेने ओढली जात नाही, मोटरने फिरते; तिला बोटाने जबरदस्ती केल्यास आतले दाते तुटतात.

सफाईनंतर इंजिन काही काळ जास्तच फेऱ्यांनी चालले, तर घाबरू नये. संगणकाने काजळीच्या सवयीने झडप जास्त उघडी ठेवायला शिकलेले असते. फट अचानक मोकळी झाली, हे त्याला हळूहळू उमगते. काही मोटारींत मात्र ही जुनी आठवण गॅरेजच्या यंत्राने पुसावी लागते.

काही मोटारींत हवा मोजण्यासाठी एक तप्त तार असते आणि ती बारावीच्या पुस्तकातल्या व्हीटस्टनच्या सेतूची एक भुजा असते! हवा तारेला थंड करते. सेतू समतोल राखण्यासाठी जितका जादा विद्युत्प्रवाह द्यावा लागतो, त्यावरून हवेचे वजन कळते. तारेवर धूळ बसली, की ती पांघरुणासारखे काम करते. तार कमी थंड होते, संगणकाला हवा कमी वाटते आणि तो पेट्रोल कमी देतो. या तारेसाठी निराळा फवारा असतो. तिला फडके किंवा ब्रश लावू नये, दाबाची हवाही मारू नये.

मोटारसायकलींनाही हेच लागू आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले, तोपर्यंतच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटर असे. त्यात 'स्लो'चे पेट्रोल एका अतिशय बारीक जेटमधून येते. तिथे हवेच्या फटीबरोबर हे छिद्रही तुंबते, एवढाच फरक.

थरथर म्हणजे केवळ गैरसोय, असे मात्र कोणी समजू नये. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो. अशा घाटांच्या उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गिअर काढून न्यूट्रलमध्ये मोटार सोडण्याची अनेकांना सवय असते. त्या वेळी इंजिन केवळ त्या कागदाएवढ्या फटीवर जगत असते. फट काजळलेली असली, तर ते उतारावरच बंद पडते. मग ब्रेकचे काय होते?

मोटारीच्या ब्रेकला पायाच्या जोराशिवाय आणखी एक मदत असते. पेडलच्या पुढे एका डब्यात मोठा पडदा असतो. त्याच्या एका बाजूस बाहेरची हवा येते, तर दुसरी बाजू चकतीच्या पलीकडच्या विरळ नळीला जोडलेली असते. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होते. दाबातला फरक वातावरणाच्या दोन-तृतीयांश असेल, तर हा पडदा दोनशे किलोग्रॅम वजनाएवढ्या बळाने ढकलला जातो. इंजिन बंद पडले की विरळ हवा नव्याने तयार होत नाही. डब्यात जी साठलेली असते ती एक-दोनदा ब्रेक दाबण्यापुरती पुरते. पुढे पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. गिअरमध्ये उतरणाऱ्या मोटारीत असे होत नाही, कारण तिथे चाकेच इंजिन फिरवतात आणि दट्टे हवा ओढत राहतात. शिवाय इंजेक्शनच्या मोटारीत गिअरमध्ये उतरताना पाय काढला, की संगणक पेट्रोल पूर्णपणे तोडतो, न्यूट्रलमध्ये मात्र ते द्यावेच लागते. म्हणजे वाचवायला गेलेले पेट्रोलही वाचत नाही.

हे पाहायला घाटात जायला नको. सपाट जागी हॅण्डब्रेक लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून उभ्या केलेल्या मोटारीत घरातल्या जाणत्या चालकाला बसवा आणि इंजिन बंद असताना ब्रेक पाच-सहा वेळा दाबायला सांगा. पेडल कडक होत जाते. शेवटी पाय तसाच दाबून धरून त्यांनी इंजिन सुरू केले, की दोन-तीन सेकंदांत पेडल पायाखाली आपोआप थोडे खाली जाते.